कानवाल्या काकांची सोपी सिस्टीम

कानवाले काका असं काही कुणाचं नाव नसतं, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की कोण चढतंय ते काका दार न उघडता सांगतात. कुणाच्या पंख्याचं बेअरिंग जाणार आहे ते त्यांना पंखेवाल्याच्या आधी कळतं. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडत नाहीये, टीव्ही मोठ्यानं लावून बसलंय, हेही तेच सांगतात आणि वर म्हणतात, ‘‘भांडले तर बरं, निदान एकमेकांशी बोलतील तरी.’’ काकांना दिसत नाही. ऐन विशीत डोळे हळूहळू गेले. ‘‘बघण्यासारखं होतं तेवढं बघून झालं होतं,’’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ऐकणाऱ्यानं हसावं की हळहळावं हे त्याचं त्यानं ठरवायचं. काका त्यात पडत नाहीत.

हळहळण्यासारखं तसं काही नव्हतंच. काकांना काम होतं, आणि ते काम त्यांच्याइतकं चोख करणारं दुसरं कुणी नव्हतं. घरमालक आणि भाडेकरू यांच्या तंट्यांची सुनावणी जिथं होते त्या कार्यालयासाठी ते उतारे करत. सुनावणीत जे बोललं जाई ते ध्वनिमुद्रित होई, ती फाइल काकांकडे येई, आणि काका ती ऐकून शब्दन् शब्द टाइप करत. वकील काय म्हणाला, साक्षीदार काय म्हणाला, कोण कुठं अडखळलं, सगळं. कुणी उत्तर द्यायला वेळ लावला तर काका कंसात ‘शांतता’ असं लिहीत, आणि ही शांतता विचार करणाऱ्याची आहे की खोटं जुळवणाऱ्याची, हे त्यांना कळे. काका मात्र ते लिहीत नसत. ‘‘आपलं काम ऐकायचं आहे, निकाल द्यायचा नाही,’’ असं म्हणत.

हे काम ते कसं करत हे बघायला कधीमधी शेजारची माणसं येत. उजव्या कानात सुनावणी. डाव्या कानात कॉम्प्युटरचा आवाज, म्हणजे पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवणारा एक बाईचा आवाज. पायाखाली शिलाई मशीनच्या पायट्यासारखं एक पेडल; पुढे दाबलं की ध्वनिफीत चाले, टाचेनं दाबलं की चार शब्द मागे जाई. हात कळफलकावरून हलायचे नाहीत. वाचणाऱ्या बाईचा वेग काकांनी इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं अवाक्षर कळत नसे. डब्यात वाटाणे ओतल्यासारखं काहीतरी ऐकू येई. काकू त्या बाईला ‘सवत’ म्हणत. ‘‘माझं एक वाक्य तुम्हाला दोनदा सांगावं लागतं, आणि तिचं बरं सगळं एका दमात कळतं!’’ काका म्हणत, ‘‘ती कामाचं बोलते.’’ हे भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघांनाही ते आवडत होतं.

कॉम्प्युटरचा पडदा मात्र कायम बंद. उजेड करून दाखवायचा कुणाला? काकूंनी त्यावर एक विणलेला रुमाल घातला होता. कित्येक वर्षं त्यांना ते यंत्र रेडिओच्याच जातीचं काहीतरी वाटत होतं.

मग एक दिवस त्या यंत्रातली जुनी सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केले. आता हिला अपडेट मिळणार नाहीत, नवी घ्या. नवी त्या यंत्राला झेपणारी नव्हती. पाठोपाठ सुनावणी कार्यालयातून निरोप आला, की मुदत संपलेली सिस्टीम ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढच्या महिन्यापासून ध्वनिफिती पाठवता येणार नाहीत, सुरक्षेचा प्रश्न आहे. निरोप देणाऱ्या लिपिक बाई भल्या होत्या. ‘‘काका, काहीतरी करा हं. तुमच्याशिवाय आमचं घोडं अडेल,’’ असं म्हणाल्या. काकांना ते ऐकून बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. हे काम होतं म्हणून ते घरात कर्ते होते. काम गेलं की उरणार होता खुर्चीत बसवून ठेवलेला एक आंधळा म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याची काकांना फार भीती वाटे.

काकांना दोन मुलगे. थोरला दूरच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये, धाकटा याच शहरात एका ऑफिसची नेटवर्कं सांभाळायला. दोघंही हुशार, दोघंही कमावते, आणि कॉम्प्युटरचा विषय निघाला की दोघंही एकमेकांना पाण्यात पाहणारे. दर रविवारी सकाळी घरचा सामुदायिक फोन असे, आणि आईबाबांच्या बाबतीतलं सगळं त्या फोनवर ठरे. कुठला डॉक्टर, कुठली गादी, गॅलरीला जाळी लावायची की नाही. चर्चा अगदी लोकशाही पद्धतीनं होई, फक्त ज्यांच्याबद्दल असे त्यांना मत नसे.

त्या रविवारी दोघा भावांचं कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झालं. बाबांच्या मशिनवर लिनक्स टाकायचं. फुकट असतं, जुन्या यंत्रावर चालतं, अपडेट मिळत राहतात. घोळ एवढाच, की लिनक्स म्हणजे एक काही नाही. कापड एक आणि शिवणारे शिंपी शंभर अशातला प्रकार. जो तो आपापल्या मापाचा सदरा शिवतो आणि त्याला वेगळं नाव देतो. त्या शंभर आवृत्त्यांतली बाबांसाठी कुठली घ्यायची यावर दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. थोरला म्हणे, हिरव्या रंगाची ती हिरवी घ्यायची, ती दिसायला अगदी जुन्या सिस्टीमसारखी आहे. धाकटा म्हणे, हिरवी जड आहे, निळी घ्यायची, ती हलकी आहे आणि दिसायलाही झकास आहे.

‘‘नवशिक्यांसाठी निळीसारखी दुसरी नाही,’’ धाकटा म्हणाला.

‘‘नवशिका कोण?’’ काकांनी विचारलं.

‘‘तुम्ही, बाबा. म्हणजे लिनक्सला नवशिके हो.’’

काका गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली चौकशी आधीच केली होती. त्यांचा एक मित्र होता, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर, तोही डोळ्यांनी अधू. सगळे त्याला घंटी म्हणत. घंटी किती तरी वर्षं लिनक्सच वापरत होता. त्यानं एका आवृत्तीचं नाव सांगितलं होतं, जी बसवायला घेतल्यापासून, अगदी पहिल्या पडद्यापासून बोलते. काकांनी ते नाव फोनवर सांगितलं.

थोरला हसला. ‘‘ती? बाबा, ती कसली भिकार दिसते!’’

‘‘मला दिसायचंय कुठं?’’ काका म्हणाले.

यावर सगळे खळखळून हसले. काकूही हसल्या. बाबांचा विनोद म्हणून तो सोडून देण्यात आला, आणि हिरवी की निळी ही चर्चा पुन्हा जिथल्या तिथं सुरू झाली. काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या घरात त्यांचं बोलणं ऐकू येतं, पण पोचत नाही.

शेवटी थोरल्यानं तोडगा काढला. ‘‘असं करू. दोन्ही पेनड्राइव्हवर घेऊन जा. न बसवताही चालवून बघता येतात. आईला बसव समोर. आईनं आयुष्यात माऊस धरलेला नाही. तिला जी जमेल ती खरी सोपी.’’

धाकट्यालाही हे पटलं. या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही मनात असं आलं नाही, की त्या यंत्रावर काम आई करत नाही.

धाकटा आला तो चहाही न घेता कामाला लागला. पडद्यावरचा रुमाल निघाला, पडदा उजळला. काका पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. त्यांची स्वतःची खुर्ची दुसऱ्या कुणाच्या वजनानं करकरत होती, आणि ती करकर वेगळी होती. काकू आधी ‘‘अरे, मला कशाला,’’ करत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. हिरवीत त्या चुकल्यामाकल्या. निळीत मात्र मोठमोठी चित्रं होती, त्यावर टिचकी मारली की काहीतरी उघडायचं. धाकट्यानं नातीचे फोटो आत घातले होते. ‘‘अगंबाई! हे बघा, दात पडलाय हिचा!’’ काकू ओरडल्या, आणि मग आपण कुणाला ‘बघा’ म्हणालो ते ध्यानात येऊन थांबल्या. काका म्हणाले, ‘‘कुठला पडलाय?’’ ‘‘समोरचा,’’ काकू म्हणाल्या, आणि पुढचा फोटो उघडला.

‘‘आवाजाचं बघ रे,’’ काकांनी धाकट्याला सांगितलं.

‘‘आहे, बाबा. सगळ्यांत असतो.’’ त्यानं कुठंतरी एक खूण केली, आणि घशात खडे भरल्यासारखा एक पुरुषी आवाज खोलीभर गरजला. काकू दचकून उठल्याच. ‘‘बंद कर बाई ते!’’ धाकट्यानं बंद केला. आवाज आहे, एवढं सिद्ध झालं होतं. मग त्यानं निळी बसवली, काकांच्या जुन्या फाइली परत जागेवर ठेवल्या, आणि आता चहा हवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सवयीनं बसले. उजव्या कानात इअरफोनचा गोळा, डाव्या कानात गोळा, पाय पेडलवर. यंत्र सुरू केलं. पंखा फिरला. पुढे काही नाही. पासवर्ड मागत असेल असं धरून त्यांनी तो टाइप केला, आणि टाइप करताना पहिल्यांदाच त्यांना आपली बोटं परक्याची वाटली. घंटीनं सांगितलेली कळ दाबल्यावर तो खडेवाला आवाज उठला. काकांनी वेग वाढवला, आवाज बारीक केला, म्हटलं ठीक आहे, सवत नाही तर सासरा. संसार करू. मग ते एकेक कळ दाबत पुढे सरकू लागले.

‘‘बटण,’’ आवाज म्हणाला. कसलं बटण? पुढे गेले. ‘‘बटण.’’ आणखी पुढे. ‘‘बटण. बटण. बटण.’’

निळी झकास दिसत होती यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक बटणावर सुरेख चित्र होतं आणि ते बघितलं की कसलं बटण ते कुणालाही कळावं. बघितलं की. ज्यांनी ती शिवली त्यांनी बटणांना चित्रं दिली आणि नावं द्यायची राहून गेली. पेडल दाबलं तर ओ की ठो नाही. पुढेही नाही, मागेही नाही. काकांनी धाकट्याला फोन लावला.

‘‘बाबा, थोडे दिवस वापरा, सवय होईल,’’ तो म्हणाला. तो ऑफिसात होता, फोनवर हात ठेवून मध्येच कुणाशी तरी बोलत होता. ‘‘नवीन म्हटलं की तुम्ही लोक आधी नन्नाचा पाढा लावता. आईला बघा, कशी पटकन शिकली!’’

ते मात्र खरं होतं. काकू शिकल्या होत्या. दुपारी भांडी आवरली की त्या त्या खुर्चीत येऊन बसू लागल्या. नातीशी समोरासमोर बोलू लागल्या. बहिणीनं पाठवलेले विणकामाचे नमुने मोठे करून बघू लागल्या. आयुष्यभर या घरात जे यंत्र होतं, ज्याला फडक्यानं पुसायचं पण हात लावायचा नाही, ते आता त्यांचं ऐकत होतं. ‘‘गेली बाई एकदाची सवत, आता मी बसते,’’ त्या म्हणत. इतक्या मोकळ्या आवाजात त्यांना हसताना काकांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि कान असे, की ते ऐकू आलं नाही अशी समजूतही करून घेता येईना.

घंटी काठी टेकत स्वतः येऊन पेनड्राइव्ह देऊन गेला. ‘‘टाक आत आणि सुरू कर. ती तुला हात धरून घेऊन जाईल. पेडल कसं चालवायचं ते मी फोनवर सांगतो. पण तुझी डिस्क लहान आहे, दोन मावणार नाहीत. निळी पुसावी लागेल.’’

‘‘पुसतो की,’’ काका म्हणाले.

घंटी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. काकू खुर्चीत होत्या. ‘‘माझं काय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यंत्र तुमचंच आहे.’’ पण हे म्हणण्याआधी त्या जरा थांबल्या होत्या. ज्याचा जन्म लोकांच्या शांतता लिहिण्यात गेला त्याच्यापासून तेवढी शांतता लपणार होती थोडीच! काकांनी पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला. म्हणाले, ‘‘बघू, घाई नाही. हा एक उतारा जाऊ दे.’’

घाई होती. शुक्रवारी उतारा पोचता करायचा होता, आणि मोठा होता. एका म्हाताऱ्या भाडेकरू बाईची उलटतपासणी. घरमालकाच्या वकिलानं तिला खिंडीत गाठलं होतं, आणि ती चिवटपणे एकेका प्रश्नाला उत्तर देत होती. काकांनी फाइल कशीबशी उघडली. पेडल नाही, म्हणून ध्वनिफीत मागे न्यायला हात कळफलकावरून उचलायचा, दुसरी कळ शोधायची, परत यायचं. परत आलं की आपण पानावर कुठं आहोत ते त्या खडेवाल्याला विचारायचं, आणि तो कधी सांगे, कधी ‘‘बटण’’ म्हणे. काकांच्या नाकी नऊ आले. त्यांनी उभ्या आयुष्यात काम करताना शिवी दिली नव्हती, ती दिली.

‘‘मी वाचून दाखवू?’’ काकू म्हणाल्या.

काकांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग बाजूला सरकले.

खरं सांगायचं तर त्या दुपारी वाईट गेल्या नाहीत. काकूंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून शेजारी मांडलं. कानातले गोळे काढून ध्वनिफीत मोठ्यानं लावली, म्हणजे काकूंनाही ऐकू यावी. काका ऐकत, टाइप करत, आणि पान झालं की काकू वाचून दाखवत. नुसतं वाचत नसत. वकिलाचं वाक्य आलं की आवाज जाड करत, म्हातारीचं आलं की कापरा. मधूनच म्हणत, ‘‘मेल्याला आई नाही का!’’ काका हसत. इतक्या वर्षांत काकूंना त्यांच्या कामातलं काही ठाऊक नव्हतं. आता त्या जेवताना विचारू लागल्या, म्हातारीला घर सोडावं लागेल का हो? काकांना वाटलं, हेही चालेल. निळी राहू दे, ही वाचेल, मी लिहीन. पेनड्राइव्ह खणातच राहिला.

उतारा शुक्रवारी वेळेवर गेला.

सोमवारी लिपिक बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. ‘‘काका, उतारा तुम्हीच केलात ना?’’

‘‘मीच. का हो?’’

‘‘नाही, म्हणजे...’’ बाई अडखळल्या. ‘‘निम्म्या उताऱ्यात म्हातारीची उत्तरं वकिलाच्या नावापुढे गेली आहेत आणि वकिलाचे प्रश्न तिच्या. तिच्या वकिलानं भर सुनावणीत दाखवून दिलं. साहेबांना सुनावणी पुढे ढकलावी लागली. काका, तुमचा उतारा आला की आम्ही डोळे मिटून सही करत होतो हो.’’

आपण काय बोलून गेलो हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या नुसत्याच खोकल्या.

काय झालं असेल ते काकांना फोन ठेवायच्या आधीच समजलं. उताऱ्याच्या साच्यात ‘वकील’, ‘साक्षीदार’ ही नावं आळीपाळीनं आधीच घातलेली असत; हात उचलून परत ठेवताना कुठंतरी त्यांची ओळ चुकली होती आणि तिथून पुढे प्रत्येक बोलणं एक घर खाली सरकलं होतं. सवत असती तर तिनं पहिल्याच ओळीला पकडलं असतं. ती ‘वकील’ म्हणाली असती, ‘साक्षीदार’ म्हणाली असती, कोरडेपणानं, न चुकता. काकूंनी ते शब्द वाचलेच नव्हते. त्यांना त्यांची गरजच नव्हती. म्हातारी कुठली आणि वकील कुठला हे त्यांना ध्वनिफीत ऐकून पाठ झालं होतं, म्हणून कागदावर कुणाचंही नाव असो, त्या कापऱ्या आवाजात म्हातारीला आणि जाड आवाजात वकिलाला बरोबर वाचत राहिल्या. त्यांनी जे बोललं गेलं होतं ते वाचलं. जे लिहिलं गेलं होतं ते नाही.

‘‘दुरुस्त करून पाठवतो,’’ काका म्हणाले.

‘‘नको. इथल्या एकाकडे दिलंय.’’ मग बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘साहेब म्हणत होते, आता वय झालं, काकांना किती त्रास द्यायचा. तुम्ही आता आराम करा, काका.’’

यात रागानं बोललेलं काहीच नव्हतं. राग असता तर काका भांडले असते. वय झालं म्हणणाऱ्याशी काय भांडणार? कारण ठरलेलं असलं की खरं कारण विचारायला कुणी थांबत नाही. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की माझ्या कानांना काही झालेलं नाही, बोटांना काही झालेलं नाही, माझ्या घरात एक सुंदर दिसणारी गोष्ट आणून बसवली आहे. पण ते सांगायचं म्हणजे काकूंचं नाव घ्यावं लागलं असतं. काकांनी ‘‘बरं’’ म्हटलं आणि फोन ठेवला.

काकू दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या आहेत हे काकांना माहीत होतं.

‘‘माझ्यामुळे झालं,’’ काकू म्हणाल्या.

‘‘नाही.’’

‘‘तो पेनड्राइव्ह खणात आहे. मी पाहिलाय. तुम्ही मला खुर्चीतून उठवायला हवं होतंत.’’

‘‘तू उठली असतीस?’’

‘‘उठले असते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कशी उठले ते तुम्हाला ऐकू आलं असतं.’’

काकांना काकूंचा राग आला नव्हता, आणि ते त्यांना जास्त जड जात होतं. मुलांचा आला होता, लिपिक बाईंच्या साहेबांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता, की भांडायच्या वेळी आपण मोठ्या मनाचे झालो. हा मोठेपणा त्यांना कुणी मागितला नव्हता.

मुलांना कळलं तेव्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला. ‘‘बरंच झालं, बाबा,’’ थोरला म्हणाला. ‘‘किती दिवस राबणार? आता मजा करा.’’ मजा म्हणजे काय करायची हे त्यानं सांगितलं नाही. धाकटा म्हणाला, मग आता सिस्टीम आईसाठीच राहू दे, ती छान रमली आहे. काकूंनी पुढचे कित्येक दिवस यंत्राला हात लावला नाही. पडद्यावर रुमालसुद्धा परत घातला. मग एकदा नातीचा फोन आला, ‘‘आजी, तू दिसत का नाहीस?’’ म्हणाली, आणि रुमाल पुन्हा निघाला. काकांनीच काढायला लावला. पेडल तेवढं त्यांनी उचलून पलंगाखाली ढकललं, कारण काकूंच्या पायात येत होतं.

घंटी अधूनमधून विचारी, ‘‘टाकलीस का रे?’’ काका म्हणत, ‘‘टाकून करू काय?’’ घंटी नंतर विचारेनासा झाला.

आणि मग तो रविवार आला. नेहमीचा सामुदायिक फोन, आता पडद्यावर, चेहऱ्यांसकट. काकू खुर्चीत, काका शेजारच्या स्टुलावर. थोरला आज विशेष खुशीत होता. नवशिक्यांनी कुठलं लिनक्स घ्यावं यावर त्यानं कुठल्याशा ठिकाणी एक लेख लिहिला होता आणि तो शेकडो लोकांनी वाचला होता. हिरवी-निळीचं भांडण मिटवून त्यानं उदार मनानं निळीला पहिला नंबर दिला होता. ‘‘ऐका ना,’’ म्हणत तो वाचू लागला. ‘‘सोपेपणाची खरी कसोटी आमच्या घरी लागली. माझे वडील साठी उलटलेले, दृष्टिहीन, लिनक्सची काडीची ओळख नाही. तरीसुद्धा चार दिवसांत त्यांनी ही सिस्टीम आत्मसात केली. त्यांना जमलं, म्हणजे कुणालाही जमेल.’’

‘‘वा!’’ धाकटा दुसऱ्या चौकटीतून म्हणाला. ‘‘लोकांनी काय काय लिहिलंय खाली! बाबा, तुम्ही प्रसिद्ध झालात!’’

‘‘कुणी असं विचारलं का रे,’’ काका म्हणाले, ‘‘की ते त्यावर करतात काय?’’

‘‘करतात काय म्हणजे?’’ थोरल्याला प्रश्न कळला नाही. ‘‘वापरतात.’’

काकांनी मान हलवली. तेव्हा काकू बोलल्या. त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. ‘‘ते काही वापरत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी वापरते. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून असतात.’’

दोन्ही चौकटींत शांतता झाली. काकांनी ती सवयीनं ओळखली. विचार करणाऱ्यांची नव्हती. प्रश्न कुठून आला हे न कळलेल्यांची होती. ती फार टिकलीही नाही.

‘‘म्हणजे दोघांनाही जमलं!’’ थोरला हसत म्हणाला, आणि धाकटाही हसला. मग थोरल्याला वाटलं, तिकडून कुणी हसलं नाही म्हणजे फोनच अडकला असावा. तो पडद्याजवळ येऊन मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, ‘‘बाबा, आमचा आवाज येतोय ना?’’

‘‘तुमचा येतोय,’’ काका म्हणाले.